"आमच्याकडे असं काही नाही" म्हणालो, ते चुकलंच

२०२५ च्या सप्टेंबरात इथे ओस्लोत एक जहाज हलवलं. फार लांब नाही, जुन्या म्युझियममधून शेजारच्याच नव्या हॉलमध्ये, शंभरेक मीटर. त्याला अख्खा दिवस लागला, कारण बाराशे वर्षांचं ओकचं लाकूड, एक धक्का बसला तर संपलं. ऑफिसात लंचला सगळे मोबाईलवर तेच बघत होते, एरवी हवामान सोडून काही न बोलणारी माणसं, आणि कोणाचं जेवणाकडे लक्ष नव्हतं. मला घशात काहीतरी अडकल्यासारखं झालं, का ते तेव्हा कळलं नाही.

ते ओसेबर्गचं व्हायकिंग जहाज. टॉन्सबर्गजवळच्या एका शेतात १९०३ मध्ये शेतकऱ्याला टेकाडात खणताना कोरीव लाकूड लागलं आणि पुढच्या वर्षी गुस्ताफसन नावाच्या प्रोफेसरांनी सगळं बाहेर काढलं. साडेएकवीस मीटर लांब, पंधरा-पंधरा वल्ह्यांचं जहाज, इ.स. ८३४ मध्ये मातीत ठेवलेलं, आणि आत दोन बायका पुरलेल्या. एक सत्तरीच्या पुढची, तिला कॅन्सर होता हे हाडांवरून कळलंय, दुसरी पन्नाशीच्या आसपास. राणी कोण, सोबतीण कोण, यावर इथले लोक अजून वाद घालतात.

२०२२ मध्ये जुनं म्युझियम बंद व्हायच्या आधी मी ते तीनदा पाहिलंय. जहाज भव्य आहेच, पण माझे पाय दर वेळी सामानापाशी थांबायचे. नक्षीची चारचाकी गाडी, बर्फावरच्या घसरगाड्या, पलंग, रेशमाचे तुकडे, हातमाग. आणि मग स्वयंपाकघर! लोखंडी कढई, ती ठेवायला तिवई, तवा, बादल्या, एका बादलीत चक्क रानटी सफरचंदं, आणि जातं. म्हातारीला पुढच्या जगात दळायला लागेल म्हणून कोणीतरी आठवणीने जातं दिलं. मला ते वाचून तिथेच बसावंसं वाटलं होतं. शिवाय डझनाहून जास्त घोडे, कुत्रे, बैल, सगळे तिच्यासाठी मारलेले, ते मात्र माझ्याच्याने नीट वाचवत नाही.

सोनं-चांदी काहीच मिळालं नाही, कारण दहाव्या शतकातच चोरांनी टेकाड फोडलं होतं, त्यांची लाकडी फावडी तिथेच सापडली. म्हणजे त्यांनी मौल्यवान ते नेलं आणि लाकूड-कापड टाकून गेले, आणि आज देश त्या लाकडावरच जीव टाकतोय. टिकलं कसं तर खाली निळसर चिकण माती आणि वर गवताच्या मुळांसकट रचलेली ढेकळं, हवाच शिरली नाही. बाहेर काढल्यावर खरा प्रॉब्लेम सुरू झाला. जहाजाचं ओक हळूहळू वाळवून टिकलं, पण घसरगाड्या वगैरे नरम लाकडाच्या, त्या तेव्हाच्या पद्धतीने तुरटीच्या गरम पाण्यात बुडवल्या. आपण दाढीनंतर लावतो तीच तुरटी. तिच्यातून वर्षानुवर्षं आम्ल तयार होत गेलं आणि लाकूड आतून खाल्लं गेलं, वरून नक्षी शाबूत, आत भुगा. आता एकेका तुकड्यासाठी शास्त्रज्ञांची टीम काम करते. एका घसरगाडीसाठी! मला याचं कौतुक किती वाटतं ते सांगता येत नाही, आणि थोडा त्रासही होतो, तो पुढे सांगतो.

तर त्या लंचला टीममधल्या एका साठीच्या बाईंनी अगदी प्रेमाने विचारलं, तुमच्याकडे मेलेल्या माणसाबरोबर काय देतात? मी म्हणालो, काही नाही, आम्ही जाळतो, राख नदीत सोडतो, आमच्याकडे असं काही नाही. आईला जाऊन तेव्हा दीड वर्ष झालं होतं. अस्थी रामटेकला अंबाळा तलावात सोडल्या, मी तेराव्याला हजर होतो पण अंत्यसंस्काराला पोचलो नव्हतो, फ्लाइटच तशी मिळाली, कोणीही असतं तरी पोचलं नसतं. बाई म्हणाल्या, म्हणजे हातात धरायला काहीच उरत नाही? मी गप्प.

रात्री बाबांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काही नाही कसं म्हणालास रे? जुनापाणी विसरला का?"

विसरलोच होतो. सहावीत असताना बाबांनी नागपूरहून स्कूटरवर काटोल रोडने तिथे नेलं होतं. माळावर मोठ्या दगडांची वर्तुळं, अशी शेकडो, काही दगडांवर वाटीसारखे खळगे. मी एका दगडावर बसलो तर बाबा ओरडले, ऊठ, खाली कोणीतरी आहे. ती थडगी आहेत, लोहयुगातली, अडीच हजार वर्षांच्याही आधीची, म्हणजे ओसेबर्गच्या म्हातारीपेक्षा तेराशे वर्षं जुनी तरी धरा. रिव्हेट-कार्नाक नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने १८७९ मध्ये त्यावर लिहिलं. तिथून जवळच माहुरझरीला मेलेल्यांबरोबर लोखंडाच्या कुऱ्हाडी, मणी, तांब्याच्या बांगड्या, आणि घोडे! घोड्याच्या तोंडावर तांब्याचे दागिने, तोंडात लगाम. घोडा मारून मालकाबरोबर पाठवायचा, तेच जे इथे केलं. हे माझ्या घरापासून स्कूटरच्या अंतरावर आणि मी परदेशात बसून म्हणतोय काही नाही.

आता कोणी म्हणेल, बघा, नॉर्वे कसं जपतं आणि आपण कसं. मला ते मान्य नाही. ५६ लाख लोकांचा देश, तेलाचा पैसा, थंड चिकण माती. आपल्या उन्हात आणि काळ्या मातीत लाकूड कुठून टिकणार? लोखंड आणि तांबं राहिलं हेच पुष्कळ. आणि जाळणाऱ्यांनीही मेलेल्यांची आठवण ठेवलीच की, बोरिवलीच्या एकसरला वीरगळ आहेत, त्यावर वल्ह्यांच्या रांगांसकट जहाजं कोरलीत, समुद्रात लढून मेलेल्यांसाठी. आपली जहाजं दगडाची म्हणून उरली. तरीही, खरं सांगतो, तो शंभर मीटरचा प्रवास बघताना मला हेवा वाटला, जुनापाणीच्या एका दगडासाठी कोणी लंच विसरलंय असं मी तरी कधी पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या बाईंकडे जाऊन माझं उत्तर दुरुस्त केलं. बाबांनी पाठवलेले फोटो दाखवले. त्यांनी झूम करून एकेक खळगा पाहिला आणि मग मला गोकस्टादबद्दल सांगितलं, दुसरं जहाज, १८८० मध्ये सापडलेलं, साधारण इ.स. ९०० चं. त्यात एका योद्ध्याबरोबर घोडे, कुत्रे, ससाणे आणि मोर पुरलेले आहेत. मोर! आपल्या रानातला पक्षी, किती हातांतून, किती बंदरांतून तिथवर गेला असेल. आम्ही दोघं कॉफी थंड होईपर्यंत त्यावरच बोलत होतो.

जानेवारीत नागपूरला येतोय, मुलीला घेऊन. बाबा म्हणाले उन्हाळ्यात नको, दगड तापतात, तिला हात लावता येणार नाही. आणि जाताना आईचं जातं घेऊन जायचं असेल तर सामानाचं वजन आधी विचारून ठेव, मागच्या अंगणातच आहे ते, मी कोणाला दिलेलं नाही.