तुम्ही विचारलंत म्हणून: अ‍ॅम्बेसिडरला रंग का मारत नाही?

"फियाट एवढी चकाचक केलीत, मग या अ‍ॅम्बेसिडरनं कुणाचं घोडं मारलंय?" हा प्रश्न मला नातेवाईक विचारतात, पेट्रोल भरणारा विचारतो, सिग्नलला शेजारी थांबलेला अनोळखी माणूस काच खाली करून विचारतो. जुन्या गाड्या बाळगणारी माणसं तर हमखास विचारतात, आणि पाठोपाठ चांगल्या पेंटरचा नंबरही देतात. आजवर मी "बघू", "पुढच्या वर्षी" असं म्हणून वेळ मारून नेली. आता कंटाळा आलाय, म्हणून एकदाच नीट सांगते.

आधी काय नाही ते. पैसे वाचवायचे नाहीत आणि आळसही नाही. त्या गाडीचे ब्रेक मी स्वतः बघते. चारही चाकांच्या सिलिंडरांची किट बदललेली आहेत. इंजिनचे टॅपेट पंधरा थाऊच्या, म्हणजे इंचाच्या पंधरा हजारांश भागाच्या, फटीला लावलेले आहेत, इग्निशनचे पॉइंट घासून त्यांचीही फट जुळवलेली आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आल्यापासून जुनं रबर त्यात फुगतं, मऊ पडतं. म्हणून टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे होज आणि पंपाचा पडदा बदलून घेतला. दाराच्या तळाची पाणी निघायची भोकं दर पावसाळ्याआधी तारेनं मोकळी करते. तेव्हा "गाडीकडे लक्ष नाही" असं म्हणायच्या आधी एकदा बॉनेट उघडून बघा.

राहिला रंग. ही १९७२ सालची, मार्क टू मॉडेलची गाडी आहे, बंगालमधल्या उत्तरपाड्याच्या कारखान्यातून आलेली, आणि तिच्यावरचा फिकट हिरवा रंग तिथेच मारलेला आहे. त्या काळच्या या रंगावर आजच्यासारखा पारदर्शक कोट नसायचा. ऊन थेट रंगावर पडतं, त्यातलं राळेसारखं बांधून ठेवणारं द्रव्य विरत जातं आणि वर खडूसारखी पूड उरते. टपावर आणि बॉनेटवर तसं झालंय. डिकीच्या हँडलभोवती बोटं लागून लागून हिरवा जाऊन खालचा प्रायमर दिसतो. मागच्या डाव्या मडगार्डवर कधीतरी कुणीतरी ब्रशनं ठिगळ लावलंय, ते जरा जास्तच हिरवं आहे. माझ्याकडे रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र आहे. ते पत्र्यावर ठेवलं की बहुतेक ठिकाणी शंभर-सव्वाशे मायक्रॉन दाखवतं, म्हणजे एका मिलिमीटरचा फार तर आठवा भाग. लांबी, म्हणजे पत्र्याचे खड्डे बुजवायची पुट्टी, भरलेली असती तर आकडा एकदम हजाराच्या पुढे गेला असता. तसा तो या गाडीवर कुठेच जात नाही. पन्नास वर्षं उलटल्यावरही जवळजवळ आख्खी गाडी पहिल्या रंगात असणं किती दुर्मिळ आहे, हे जुन्या गाड्यांच्या धंद्यातल्या कुणालाही विचारा.

पण तुम्हाला हे पटणार नाही हे मला माहीत आहे, कारण फियाटच्या आधी मलाही पटलं नसतं. म्हणून फियाटचं सांगावं लागेल.

फियाट अकराशे डी मी तिच्या पहिल्या मालकाकडूनच घेतली. ते डॉक्टर, तेव्हाच निवृत्त झालेले. व्हिजिटला जाताना उजवा कोपर खिडकीवर टेकवून चालवायची त्यांची सवय. त्या दाराच्या वरच्या कडेला वीतभर लांबीचा पट्टा झाला होता. मधोमध उघडा पत्रा, काळपट, गुळगुळीत. त्याभोवती प्रायमरची तांबूस किनार. तिच्याभोवती पातळ झालेला निळा, आणि मग हळूहळू पूर्ण निळा. गंज नव्हता. हाताचं तेल रोज लागत राहिल्यामुळे असेल. त्यावरून बोट फिरवलं की एकाही थराची कड हाताला लागायची नाही, इतकं ते झिजून एकजीव झालं होतं. गाडी घेतली तेव्हा मी त्या जागेकडे फारसं लक्षही दिलं नव्हतं.

दोन्ही फूटबोर्ड मात्र गंजून चाळण झाले होते. ते काम घरी होणारं नव्हतं. ज्यांच्याकडे दिलं ते मिस्त्री पत्र्याचे अस्सल कारागीर. बाजारात तयार पॅनेल मिळत नाही तेव्हा सपाट पत्र्यातून हातानं वळण काढणारे. ठरलं होतं ते एवढंच: कुजलेलं कापायचं, नवा पत्रा जोडायचा, दाराच्या रेषेखाली रंग जुळवायचा. मी म्हणाले होते, "चांगलं करा, घाई नाही." या शब्दांवर मी पुढे खूप विचार केलाय.

मधे कामामुळे मला काही आठवडे जाता आलं नाही. फोनवर ते म्हणायचे, "ताई, तुम्ही बघतच राहाल." मी गेले तेव्हा गाडी चार स्टँडवर उभी होती आणि टपापासून खालपर्यंत करडी होती. सगळा रंग उतरवून प्रायमर मारून झालेला. दारं काढून भिंतीला टेकवलेली. खाली ओल्या फरशीवर पॉलिश पेपरचे झिजलेले तुकडे आणि नाल्याकडे गेलेला निळसर ओघळ. मिस्त्री हात पुसत आले. चेहरा आनंदानं फुलला होता. म्हणाले, "खालचं नवं आणि वरचं जुनं, बरं दिसलं नसतं ताई. तुम्ही इतक्या हौसेनं गाडी ठेवताय. वरच्या कामाचे पैसे नकोत मला."

मी त्या टेकवलेल्या दारांपाशी गेले. कोपराच्या जागी लांबी भरून घासून कड सरळ केली होती. नवी असताना असेल तशीच. आतली पॅड काढलेली होती, म्हणून दाराच्या आतला पत्राही दिसत होता. तिथे, पॅडच्या मागे, पिवळ्या खडूनं केलेली बरोबरची खूण आणि दोन अक्षरं होती. कारखान्यात दार तपासून पुढे पाठवणाऱ्या कुणाची तरी. काच दुरुस्त करताना मी ती पाहिली होती आणि पॅड परत लावून टाकलं होतं. आता तिथेही करडा प्रायमर होता. आतल्या बाजूला, जिथे कुणाचीही नजर कधी जाणार नाही, तिथेही त्यांनी इतकं मन लावून काम केलं होतं.

मी काय बोलणार? ओरडावं असं त्यांनी काही केलंच नव्हतं. "छान झालंय" म्हणाले आणि बाहेर येऊन रिक्षात बसले. रिक्षात रडू आलं. एका गाडीच्या रंगासाठी रडू येतं का, असं तुम्ही विचाराल. आलं खरं.

गाडी तयार झाली ती बघणाऱ्याचे डोळे दिपतील अशी. निळ्यावर पारदर्शक कोट, त्यात समोरच्या इमारतीच्या खिडक्या मोजून घ्याव्यात. ज्यानं त्यानं कौतुक केलं, आणि ते कौतुक खोटं नव्हतं. मी मनातून खचले होते आणि तोंडानं आभार मानत होते.

मग डॉक्टर बघायला आले. मी या भेटीला घाबरत होते. त्यांच्या कोपराची जागा मी पुसून टाकू दिली, हे त्यांना दिसेल असं वाटत होतं. ते गाडीभोवती एक चक्कर मारून आले, आत बसले, काच खाली केली आणि उजवा कोपर नेमका तिथेच टेकवला. म्हणाले, "शोरूममधून आणली तेव्हा अगदी अशीच होती." त्यांचे डोळे भरून आले होते. खरं तर अशी ती कधीच नव्हती. त्या वेळच्या रंगाला ही काचेसारखी चमक येणंच शक्य नव्हतं. पण मी ते बोलले नाही. ज्या झिजेसाठी मी रडले, ती त्यांच्या लेखी नुसती झीज होती. त्यांना गाडी आणल्याचा पहिला दिवस परत मिळाला होता. आजतागायत मला यावर उत्तर सापडलेलं नाही. तो रंग कुणाचा होता? त्यांचा असेल, तर त्यांना हवं ते झालं आणि माझं दुःख माझ्यापुरतं. तरीही ते गेलेलं नाही.

त्यानंतर काही वर्षांनी अ‍ॅम्बेसिडर मिळाली आणि मी ठरवलं, हिच्या पत्र्याला पेपर लागू द्यायचा नाही.

आता तुम्ही म्हणाल, मग रविवारी सकाळी फडकं घेऊन घासत बसता ते काय? बरोबर आहे, आणि हा प्रश्न तुमच्या आधी मी स्वतःला विचारलाय. फियाट माझ्याकडे नवीन असताना मी तिला रबिंग कंपाऊंडनं घासायची. फडकं निळं व्हायचं आणि मला वाटायचं, मळ निघतोय. तो मळ नव्हता. वर पारदर्शक कोट नसला की फडक्यावर येतो तो गाडीचा रंगच. पॉलिश करणं म्हणजे बारीक कणांनी वरचा थर खरवडून काढणं. खाली न विरलेला रंग उघडा पडतो, तीच चमक. दर वेळी मायक्रॉन-दोन मायक्रॉन जातात आणि परत कधी येत नाहीत. बॉनेटच्या घडीवर, मडगार्डच्या उभारावर रंग मुळातच पातळ बसलेला असतो, तिथे आधी प्रायमर दिसू लागतो. म्हणजे मिस्त्रींनी जे एका दमात केलं, तेच मी रविवार-रविवार करत होते. तेव्हाची मी म्हणते, गाडी चमकायला हवी, रंग त्यासाठीच असतो, आणि जपून जपून शेवटी उन्हालाच देणार असशील तर निदान डोळ्यांना सुख तरी मिळू दे. तिला गप्प करता येईल असं माझ्याकडे काही नाही. आता मी खरवडणारं काही लावत नाही. तेलकट, कणविरहित पॉलिश हातानं चोळते, रात्रभर मुरू देते, सकाळी पुसते, वर मेण. त्यानं हिरवा जरा गडद दिसतो. फडकं तरीही किंचित हिरवं होतंच.

"हा तुमचाच हट्ट" असं म्हणणाऱ्यांसाठी थोडं बाहेरचं. अमेरिकेत पेबल बीचला जुन्या गाड्यांची मोठी स्पर्धा भरते. तिथे वर्षानुवर्षं पूर्ण नव्यानं घडवलेल्या गाड्याच जिंकत. २००१ मध्ये त्यांनी मूळ अवस्थेत जपलेल्या गाड्यांसाठी वेगळा वर्ग सुरू केला. जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघानं, फिवानं, तुरिन सनद केली. त्यातही आधी जपणूक, आणि नव्यानं घडवणं त्यानंतर, असाच कल आहे. आपल्याकडे २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम आले. गाडी मूळ रूपात हवी ही अट त्यात आहे, पण ती बघते चासी, बॉडीचा सांगाडा आणि इंजिन. रंग त्यात मोजला जात नाही. आरसीवर रंगाचं नाव असतं तेवढंच. हिरवी गाडी पुन्हा हिरवीच रंगवली तर कुणाचीच हरकत नाही. मला मात्र हे विचित्र वाटतं, कारण इंजिनची पिस्टन-रिंग आम्ही सगळेच बदलतो आणि गाडी जिथल्या तिथे राहते. रंग एकदा उतरवला की तो दुसरा कुणी परत मारू शकत नाही.

इथे तुम्ही मला अडवाल, आणि अडवायलाच हवं. होज बदलले, पडदा बदलला, ब्रेकची किट बदलली, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं नाही. तेही १९७२ चेच होते, त्यांनाही कुणाचे तरी हात लागले होते. मग रंगाचंच एवढं का? ब्रेक जीव वाचवतात म्हणून, असं मी एकदा म्हणाले. पण रंगही पत्रा वाचवण्यासाठीच असतो. उघड्या लोखंडाला ओल आणि हवा मिळाली की गंज धरणारच, आणि तो रंगाच्या खालून सरकत जातो. वर दिसतो एक फोड, आत तळहाताएवढा पत्रा गेलेला असतो. मेण चोळून तो थांबत नाही, फार तर मंदावतो. पुढच्या उजव्या दाराच्या तळाला तसा फोड यंदा आलाय. मी रोज बघते. वाढतोय की तसाच आहे हे नक्की सांगता येत नाही, पण नखानं टोकरल्यावर कडेचा रंग उचलला जातो. मूळ रंग जपण्याच्या नादात मी मूळ दार घालवतेय, असं कुणी म्हणालं तर ते मला झोंबतं, कारण ते खोटं ठरवता येत नाही.

या दारासाठी मी त्याच मिस्त्रींकडे जाणार आहे. पत्र्यात त्यांच्याइतका हात दुसऱ्या कुणाचा मी पाहिलेला नाही, आणि फियाटच्या वेळी त्यांनी माझं काही वाकडं केलेलं नव्हतं. या वेळी आतलं पॅड मी स्वतः काढेन, आत काय आहे त्याचे फोटो घेईन, कुठवर कापायचं तिथे टेप लावेन आणि टेपच्या वर काही करायचं नाही हे कागदावर लिहून देईन. नवा तुकडा जुन्या हिरव्याशी जुळणार नाही, दारावर खाली एक पट्टा उठून दिसेल. मिस्त्रींना तो डोळ्यांत खुपणार, हे मला आताच दिसतंय. "ताई, एवढं एक दार तरी पूर्ण करू द्या," असं ते म्हणणार. त्यांना मी काय सांगणार आहे, ते अजून ठरलेलं नाही.