आडवी पट्टी

सेकंड इयर सिव्हिलला स्ट्रक्चर शिकवताना मला दरवर्षी एकच गोष्ट छळते. मुलं ट्रसची, म्हणजे त्रिकोणांत जोडलेल्या सांगाड्याची, गणितं बिनचूक सोडवतात, पण त्यातला अमुक मेंबर, म्हणजे दांडा, ताणात आहे की दाबात, असं विचारलं की उत्तराचं चिन्ह बघून सांगतात. अधिक की उणे. लोखंडाला काय होतंय ते त्यांच्या डोळ्यांसमोर येत नाही. म्हणून गेल्या सत्रात मी दोन प्रॅक्टिकल ‘ब्रिज डिझायनर’ला दिली.

हा जुना, फुकट मिळणारा गेम. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत सिव्हिल शिकवणाऱ्या स्टीफन रेसलर यांनी शाळकरी मुलांसाठी तो तयार केला. पडद्यावर सांधे मांडायचे, मेंबर जोडायचे, पोलाद कोणतं, भरीव की पोकळ, किती जाड ते ठरवायचं आणि पुलावर ट्रक सोडायचा. ट्रक सरकतो तसे ताणातले मेंबर निळे होतात, दाबातले लाल. ट्रक पलीकडे गेला पाहिजे आणि खर्च कमीत कमी आला पाहिजे. यात मेंबरच्या ताकदीचा आलेख बघता येतो. ताणाची रेघ आडवी, कारण लांबीने तिला फरक पडत नाही. दाबाची रेघ मात्र लांबी वाढेल तशी खाली उतरत जाते. फळ्यावर मला हे समजावायला दोन तास लागतात.

डिपार्टमेंटमध्ये ‘लॅबमध्ये गेम?’ असं म्हणणारे निघालेच. त्यांच्यातले काहीजण वर्षानुवर्षं त्याच नोट्स फळ्यावर उतरवतात आणि मुलांना काही समजत नाही म्हणून मुलांनाच बोल लावतात. मला हे पटत नाही.

त्या दिवशी वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलीने वहीत सगळे फोर्स आधीच काढले होते. तिचा पूल तीनदा पडला. दर वेळी वरचाच एक लांब मेंबर लाल होऊन वाकायचा आणि दर वेळी ती तो आणखी जाड करायची. खर्च वाढत चालला. शेजारच्या मशीनवर दोन विषयांत नापास होऊन केटी लागलेला मुलगा होता, सहसा तोंड न उघडणारा. तो तिच्या पडद्याकडे बघून म्हणाला, “जाड करून काय होणार? लांब आहे म्हणून वाकतोय. मधे धर त्याला.”

त्याच्या पुलात त्याने वरच्या लांब मेंबरच्या मध्यावर एक सांधा घेऊन खालून बारीक पोकळ नळ्यांनी तो धरला होता. ट्रक आरामात गेला आणि खर्च वर्गात सर्वांत कमी आला. हे कसं सुचलं, म्हणून मी विचारलं.

“मॅडम, वडील सेंटरिंगचं काम करतात. स्लॅब उंच असला की खालून टेकू दिलेली एकटी बल्ली पोट काढते. मग मधे आडवी पट्टी ठोकतात.” मग थोडा थांबून म्हणाला, “पण मॅडम, आम्ही दोन्ही बाजूंनी ठोकतो. इथे पुलाच्या बाहेरच्या अंगाला वाकला तर?”

मी दोन क्षण गप्प झाले. गेमचं गणित एकाच पातळीतलं आहे आणि बाहेरच्या अंगाला वाकण्याचा विचार मुलाला करावाच लागत नाही. खऱ्या पुलात दोन ट्रसना एकमेकांशी बांधणारं ब्रेसिंग त्यासाठीच असतं. इतक्या वर्षांत हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता.

उरलेला तास मी क्यूबेकच्या पुलावर घेतला. सेंट लॉरेन्स नदीवर बांधकाम चालू असताना २९ ऑगस्ट १९०७ रोजी तो कोसळला आणि ७५ कामगार गेले. गाळा, म्हणजे दोन खांबांमधलं अंतर, १६०० फुटांवरून १८०० फूट केला होता, पण वाढलेलं वजन हिशेबात वेळेवर धरलं नव्हतं. दाब घेणारे खालचे मेंबर वाकायला लागलेत हे साइटवर आधीच दिसलं होतं. त्या मेंबरच्या पट्ट्यांना एकत्र धरणारी जाळीच अपुरी होती. तो मुलगा पुढे येऊन फोटोतल्या त्या जाळीवर बोट ठेवून उभा राहिला. तास संपला तरी हलला नाही.

पंधरा दिवसांनी युनिट टेस्ट झाली. लांब खांब किती भाराला वाकतो ते सांगणारं ऑयलरचं सूत्र सिद्ध करा, सहा गुण. त्याने एक बल्ली काढली, मधोमध आडवी पट्टी काढली आणि इंग्रजी पेपरात मराठीत एकच ओळ लिहिली: ‘लांबी निम्मी, ताकद चौपट.’

ऑयलरचं सूत्र नेमकं हेच सांगतं. लांबीचा वर्ग छेदात येतो, म्हणून लांबी निम्मी केली की वाकण्याचा भार चौपट होतो. पण माझ्याच मार्किंग स्कीममध्ये गुण होते आकृतीला, समीकरणाला, टोकांच्या अटींना आणि उत्तराला. आकृतीचा एक गुण मी दिला. पुराव्याशिवाय सूत्र कोणीही पाठ करू शकतं, असं तेव्हा स्वतःला समजावलं. पण त्याने ते पाठ केलं नव्हतं, आणि हे मला माहीत होतं.

बाकीचे पेपर वाटून झाले. त्याचा पेपर अजून माझ्या खणात आहे. तो मागायला आलेला नाही, आणि बोलावून काय सांगायचं ते माझं ठरत नाहीये.