सातवा खंड कुणाकडे आहे का?

डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी दुपारी चारला बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या मंडळाच्या सभागृहात सतरंज्या पडायच्या आणि माणसं पुस्तकं घेऊन यायची. कुणी कापडी पिशवीतून आणायचं, कुणी धुतलेल्या धोतराच्या घडीतून. एक आजी तर पितळी डब्यातून आणत, खाली वेखंडाचा तुकडा ठेवून. अट एकच होती: दुकानात विकत मिळतं ते पुस्तक आणायचं नाही. विषय कुठलाही चालेल.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा अकरा वर्षांची होते, आबांचं बोट धरून. त्या दिवशी लाठीकाठी, लोणची, विहिरीचं पाणी, व्याकरण आणि घोड्यांचे आजार एवढ्या विषयांची पुस्तकं एका सतरंजीवर शेजारी शेजारी मांडलेली होती. आणणाऱ्यानं पाच मिनिटं बोलायचं. मग पुस्तक हातोहात फिरायचं, आणि ज्याला जे वाटलं ते त्यानं लाल बांधणीच्या अभिप्रायवहीत लिहायचं. 'छान आहे' एवढंच लिहिलं तर वही सांभाळणारे काका ती परत पुढं सरकवायचे. "काय छान? कुठल्या पानावरचं? ते लिहा."

बडोद्याच्या मराठी घरांत अशी पुस्तकं निघायची याला कारण आहे. सयाजीराव महाराजांनी साहित्यासाठी दोन लाखांचा निधी काढला आणि त्यातून श्री सयाजी साहित्यमाला आणि बालज्ञानमाला निघाल्या. 1910 साली ग्रंथालयतज्ज्ञ बॉर्डन यांना अमेरिकेहून बोलावून ग्रंथालयांचं जाळं उभारलं, गावोगाव लाकडी पेट्यांतून फिरती वाचनालयं पाठवली. मांडवीजवळच्या मध्यवर्ती ग्रंथालयात खालच्या मजल्यापर्यंत उजेड पोचावा म्हणून जमीनच काचेची केली. 1949 मध्ये संस्थान विलीन झालं, 1960 मध्ये गुजरात वेगळा झाला. पुस्तकं छापणारा राजाश्रय गेला, मराठी वाचकही थोडे राहिले. पुनर्मुद्रण कोण करणार? एकदा निघालेली प्रत तेवढी घराच्या माळ्यावर राहिली.

माझ्या मनात सगळ्यात जास्त राहिलंय ते व्यायाम ज्ञानकोशाचं. दत्तात्रय चिंतामण मुजुमदार यांनी इथूनच, 1930 आणि 1940 च्या दशकांत काढलेले दहा खंड. एका वर्षी रावपुऱ्यातले एक काका त्यातला एक सुटा खंड घेऊन आले. पाठीचं कापड उडालेलं, पण आतली चित्रं स्वच्छ. त्यांनी मल्लखांबाचं पान उघडलं आणि अढीचं, म्हणजे खांबावरच्या पायांच्या पकडीचं, वर्णन वाचायला घेतलं. मागच्या रांगेत एक वयस्क गृहस्थ बसले होते, तरुणपणी जुम्मादादा व्यायाममंदिरात घाम गाळलेले. ते मध्येच म्हणाले, "थांबा. चित्र बरोबर आहे, पण नुसतं वाचून कुणी चढला तर पडेल." आणि पंचाहत्तरीचा तो माणूस उठला, सभागृहाच्या लाकडी खांबाशी गेला, धोतराचा काचा खोचला आणि मांड्यांची पकड नेमकी कुठं बसते ते दाखवलं. चढले नाहीत. फक्त पाय कसे गुंततात ते दाखवलं. तेवढ्यानंही आम्ही मुलं तोंडं उघडी टाकून बघत राहिलो.

वहीत त्यांनी लिहिलेलं अजून वाचता येतं. लेखकानं माहिती प्रामाणिकपणे गोळा केली आहे, मात्र श्वास कधी सोडायचा ते सांगितलेलं नाही, आणि तेच शिकवणाऱ्याचं काम, असा मतलब आहे. मला हा अभिप्राय फार मोलाचा वाटतो. समीक्षकाला ते सुचलं नसतं. पुस्तकात काय नाही हे सांगायला ती गोष्ट अंगानं केलेली असावी लागते.

स्वयंपाकाच्या पुस्तकावर तर दरवर्षी गाडी अडायची. मुखपृष्ठ आणि पहिली आठ पानं गेलेलं ते पुस्तक एका मावशींच्या सासूबाईंचं होतं. नाव कुणालाच ठाऊक नाही. त्यातली मापं शेर, पावशेर आणि तोळ्यांत. मावशींचं म्हणणं, शेर म्हणजे 80 तोळ्यांचा, आजच्या हिशेबानं साधारण 933 ग्रॅम. बैठकीतल्याच एक माई ठामपणे म्हणायच्या की शेर गावागणिक वेगळा, आणि धान्य मापायचा शेर तर आणखी वेगळा. मग पुढच्या वर्षी दोघींनी त्याच पुस्तकातली अनारशांची कृती आपापल्या शेरानं करून आणली. मावशींचे तेलात विरले. माईंचे जाळीदार झाले. वहीत त्या पानावर दोघींची अक्षरं एकाखाली एक आहेत, आणि मावशींनी खाली लिहिलंय, "माप माईंचे धरावे." आमच्या घरात आजही तेच धरतात.

1931 चा सयाजीशासनशब्दकल्पतरु आला तेव्हा मात्र सगळे गप्प झाले. कारभारातल्या एकेका इंग्रजी शब्दापुढं गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी, बंगाली असे प्रतिशब्द. कोर्टात कारकुनी केलेल्या एका अण्णांनी तासभर तो मांडीवरून खाली ठेवला नाही. त्यांचं मत असं पडलं की संस्कृत शब्द दिसायला सुंदर आहेत, पण पक्षकाराला समजेल तो फारसीचाच, आणि कायदा पक्षकारासाठी असतो. यावर एक शिक्षक बाई उठल्या आणि शेव-उसळ गार होईपर्यंत वाद चालला. मी तेव्हा कॉलेजात होते. मला बाईंचं पटलं होतं. आता अण्णांचं पटतं.

मुलांचाही अभिप्राय मोठ्यांसारखाच वहीत जायचा, हे मला फार आवडायचं. बालज्ञानमालेतलं एक छोटं पुस्तक वाचून नऊ वर्षांच्या एका मुलीनं लिहिलं होतं: "यात मुलगा प्रश्न विचारतो पण गुरुजी त्याला विचार करू देत नाहीत, लगेच उत्तर देतात."

दुरुस्तीची गोष्ट सांगायलाच हवी, कारण तिथं आम्ही नुकसान केलंय. सुरुवातीच्या वर्षांत फाटलेलं पान दिसलं की आम्ही प्रेमानं सेलोटेप लावायचो. दहा वर्षांत त्याचा गोंद पिवळा पडला, पट्टी सुटली आणि अक्षरं घेऊन गेली. पुढं पुस्तकांच्या जतनाचं शिकलेल्या एक ताई बैठकीला आल्या, त्यांनी ती पानं पाहिली आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "टेप नको, लॅमिनेशनही नको. गव्हाची पातळ खळ आणि पातळसर कागद, बस." तेव्हापासून बैठकीच्या आदल्या दिवशी खळ शिजते. मला चार पानं नीट जोडता येतात.

आबा गेल्यावर काही वर्षं मी गेलेच नाही. मग एकदा गेले तर काकांनी काही न बोलता वही उघडून पुढं ठेवली. आबांनी शेतकीच्या एका पुस्तकावर दीड पान लिहिलं होतं, काळ्या जमिनीला पाणी कधी द्यावं याबद्दल, शेवटी ठळक अक्षरांत 'लेखकाशी सहमत नाही'. ते पुस्तक आता कुणाकडेच नाही. पुस्तकाचं म्हणणं काय होतं ते मला फक्त आबांच्या नकारावरून कळतं.

गेल्या डिसेंबरात बावीस जण होते. पूर्वी सत्तर असायचे. तरुण पोरं फोननं पानांचे फोटो काढतात, आणि ज्या लेखकाला जाऊन साठ वर्षं उलटलीत, म्हणजे प्रताधिकार संपलाय, त्याचं सगळं पुस्तक उतरवून ठेवतात. चांगलं करतात. फोटोत चित्र दिसतं, पण खांबाशी उठून उभं राहणारं माणूस अजून बैठकीतच भेटतं, म्हणून मी जाते.

वहीच्या मागच्या पानांवर 'हवे आहे' अशी यादी आहे. व्यायाम ज्ञानकोशाचे दहापैकी सात खंड आता मंडळाच्या कपाटात आहेत. दुसरा, सातवा आणि नववा नाही. कुणाच्या माळ्यावर, ट्रंकेत, आजोबांच्या कपाटाच्या वरच्या फळीवर असेल तर घेऊन या. द्यायचा नसेल तरी चालेल. संध्याकाळभर बघू द्या, चहा घ्या, वहीत दोन ओळी लिहा आणि परत घेऊन जा. पुसायचा असला तर ओल्या फडक्यानं पुसू नका, कोरड्या मऊ ब्रशनं झटका.