डाउनपाइप घरी बदलायचा तर सुरुवात आदल्या रात्री

टर्बो म्हणजे बाहेर पडणाऱ्या वायूवर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. त्याच्या गरम बाजूला लागलेला पहिला पाइप म्हणजे डाउनपाइप. टर्बाइन फिरवून बाहेर पडलेला वायू यातूनच पुढे सायलेन्सरकडे जातो. बहुतेक नव्या गाड्यांत धुरातले विषारी वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे कॅट, हाही याच पाइपाच्या पोटात असतो. साताऱ्यात आता टर्बो पेट्रोल गाड्या काही कमी नाहीत आणि बऱ्याच मालकांच्या डोक्यात हा पाइप कधी ना कधी घोळतोच. काम घरी होतं. मात्र नवा बसवायला लागतो त्याच्या दुप्पट वेळ जुना काढायला जातो, हे धरून दोन दिवस मोकळे ठेवा. दुसरी एखादी गाडी किंवा मित्राची दुचाकी हाताशी असू द्या. ऐन वेळी एक नट आणायला जावं लागतं आणि तेव्हा आपली गाडी जॅकस्टँडवर चढलेली असते.

आधी अपेक्षांचं बोलू. कंपनीचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, ठरलेल्या टॉर्कपलीकडे जाऊ देत नाही. त्यामुळे नुसता पाइप बदलून आणि मॅप (ईसीयूतलं इंजिनाचं सेटिंग) तोच ठेवून फार तर टर्बो जरा लवकर जागा होतो आणि आवाज भरदार येतो. खरा फरक या पाइपासाठी लिहिलेल्या मॅपनंतरच दिसतो. मापाचंही तसंच. दोन लिटरच्या इंजिनाला ७६ मिलिमीटरचा पाइप शोभतो. एक लिटरच्या तीन सिलिंडरला ६३ पुरे, त्याहून मोठा घेतला तर फक्त जागेची मारामार वाढते.

कॅट काढून टाकलेला पाइप घेऊ नका. २०० सेलचा धातूचा कॅट असलेला घ्या. सेल म्हणजे एका चौरस इंचातली भोकं. मूळ कॅट साधारण ४०० ते ६०० सेलचा असतो, म्हणजे वाट मोकळी होते आणि कॅटही राहतो. भारत स्टेज ४ आणि त्यानंतरच्या पेट्रोल गाडीला पीयूसीत आयडलवर कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्के आणि हायड्रोकार्बन २०० पीपीएमच्या आत लागतं. कॅटशिवाय हे आकडे जमवणं कठीण. शिवाय २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली प्रदूषणासाठी १० हजारांपर्यंत दंड आहे. डिझेलवाल्यांनी डीपीएफला, म्हणजे काजळी अडवणाऱ्या फिल्टरला, हात लावूच नये.

तयार पाइप महाग वाटला की लोक एमआयडीसीतल्या आर्गन वेल्डिंगवाल्याकडे वळतात. काम चांगलं होतं, पण घेताना डोळे उघडे हवेत. पाइप ३०४ ग्रेडचा, १.५ मिलिमीटर जाडीचा. फ्लँज, म्हणजे टोकाची जोडाची सपाट चकती, १० ते १२ मिलिमीटरची. नुसता दाबून वाकवलेला पाइप वळणावर चेपतो आणि मोठ्या मापाचा सगळा फायदा तिथेच जातो, म्हणून बेंड मँड्रेलचेच, म्हणजे आतून आधार देऊन वाकवलेले. टॉर्च लावून जोड आतून बघा. आत काळी, फुलकोबीसारखी खरखर दिसली तर वेल्डिंग करताना पाइपाच्या आतून आर्गन सोडलेला नाही. असा जोड उष्णतेने वर्षा-दोन वर्षांत तडकू शकतो. फ्लँजवर सरळ पट्टी आडवी-तिडवी ठेवून खालून ०.१ मिलिमीटरची फीलर पट्टी घालून पाहा. ती आत शिरली तर फ्लँज वेल्डिंगच्या उष्णतेने वाकली आहे. ती फेस करून, म्हणजे सपाट करून घ्या. पॅकिंग ते अंतर भरून काढेल असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. धुरातला ऑक्सिजन मोजणारा सेन्सर बसवायचं आट्यांचं भोक पाइपाच्या वरच्या अंगाला, घड्याळातल्या १० ते २ च्या मधे हवं. खालच्या अंगाला असेल तर थंड सकाळी पाइपातलं पाणी सेन्सरवर साचतं आणि तापलेलं सिरॅमिक तडकतं.

आता जागा. इकडे बऱ्याच घरांच्या अंगणात शहाबादी फरशी असते. तिच्यावर थेट जॅकस्टँड ठेवू नका. स्टँडचे चार पाय म्हणजे चार टोकं, आणि फरशीखाली कुठे पोकळी असली की ती कुरकुरून फुटते. एकेका स्टँडखाली १८ मिलिमीटर प्लायवूडचा हातभर चौकोन घाला. पेव्हर ब्लॉक आणि मुरूम यांनाही हेच. पुढची दोन चाकं वर घ्यायची तर मागच्या चाकांना पुढून-मागून ओंडके लावा, हँडब्रेक ओढा, स्टँडवर गाडी बसल्यावर तिला बाजूने जोरात हलवून पाहा आणि मगच खाली जा. बॅटरीची निगेटिव्ह काढा.

आदल्या रात्री, गाडी थंड झाल्यावर, टर्बोकडच्या आणि मागच्या जोडाच्या प्रत्येक नटाला पेनिट्रेटिंग ऑइल मारा. सकाळी पुन्हा एकदा. उष्णतेने सतत तापून-निवून नट आणि स्टड (डोकं नसलेला, रुतवलेला बोल्ट) एकजीव झालेले असतात. गोटी, म्हणजे सॉकेट, सहा कोनांचीच वापरा. बारा कोनांची फक्त कडांवर बसते आणि नट गोल करून ठेवते. पहिला झटका सोडवण्याच्या दिशेने नको. आधी किंचित आवळा, गंज कडकन सुटल्याचा आवाज येतो, मग पाव फेरा सोडा, पुन्हा थोडा आवळा, पुन्हा सोडा, मधे तेल. नट फिरतोय पण दर फेऱ्याला जड होतोय, म्हणजे आटे चावले जातायत. तिथे हट्ट केला तर स्टड तुटतो. तरीही हलत नसेल तर ब्लो टॉर्चने नट तापवा, पण आधी मारलेलं तेल पूर्ण पुसून आणि आजूबाजूची रबरं, वायरिंग ओल्या फडक्याने झाकून. कोणीतरी अग्निशामक हातात घेऊन शेजारी उभं हवं.

स्टड तुटलाच आणि थोडा बाहेर असेल तर दोन नट एकमेकांवर आवळून आतल्या नटाला पाना लावा. पृष्ठभागाच्या पातळीत तुटला असेल तर त्यावर नट ठेवून वेल्डिंग करून घेणं सगळ्यात भरवशाचं, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने आटेही सुटतात. ड्रिल हा शेवटचा मार्ग. पंच बरोबर मध्यावर, आधी बारीक बिट, मग वाढवत ६.८ मिलिमीटर, आणि एम८ चा १.२५ चा टॅप. ड्रिल करताना टर्बोच्या तोंडात फडकं कोंबायचं आणि त्याला लाल सुतळी बांधून सुतळी बॉनेटच्या कडेला अडकवायची. फडकं आत विसरलं की गाडी सुरू होते, पण ओढत नाही, आणि मग माणूस दिवसभर सेन्सरला दोष देत बसतो.

ऑक्टाव्हियाच्या १.८ टीएसआयसारख्या इंजिनात स्टडची भानगड नाही. तिथे व्ही-बँड क्लॅम्प आहे, म्हणजे दोन्ही टोकं कवेत धरणारी गोल पट्टी, एका बोल्टची. मात्र टर्बो इंजिनाच्या मागे, फायरवॉलच्या बेचक्यात, म्हणून लांब एक्स्टेंशन आणि वाकणारा जोड लागतो. बोल्ट सुटला तरी क्लॅम्प खाचेत चिकटून राहतो, त्याला रबरी हातोड्याने गोलाकार ठोकत सैल करा.

सेन्सर मात्र पाइप खाली घेण्याआधीच काढा. वायरवर पाइप लोंबकळला की सेन्सर संपला. त्यासाठी २२ मिलिमीटरची, बाजूने चीर असलेली गोटी मिळते. वायरचा प्लग आधी वरून सोडवा, नाहीतर सेन्सर फिरवताना वायर पीळ खाते. रबरी हँगरना साबणाचं पाणी लावून सरकवा. ग्रीसने रबर फुगतं.

बसवताना पॅकिंग नवं, नट नवे, दोन्हीकडचे जोडाचे पृष्ठभाग स्वच्छ. सिलिकॉन लावू नका, त्याच्या वाफेने सेन्सर खराब होतात. स्टीलचा नट स्टीलच्या स्टडवर कोरडा चढवला तर आटे एकमेकांत जाम होतात, म्हणून निकेलचं अँटीसीझ, म्हणजे आटे जाम होऊ न देणारी पेस्ट, थोडं लावा. सेन्सरच्या आट्यांनाही लावा, पण जाळीच्या टोकाला एक ठिपकाही नको. नव्या सेन्सरला ते आधीच लावलेलं येतं.

सगळे जोड आधी हातानेच चढवायचे. टर्बोकडचा जोड पहिल्यांदाच करकचून आवळला तर मागचं टोक जिथे जाईल तिथे जातं आणि मग फ्लेक्स पाइप, म्हणजे मधला लवचिक तुकडा, वाकवून जुळवावा लागतो. फ्लेक्स सरळ आणि मोकळा राहिला पाहिजे, कारण इंजिनाचं डोलणं त्यानेच सोसायचं असतं. वाकडा बसलेला फ्लेक्स लवकर फाटतो. पाइप सबफ्रेमपासून (इंजिनाखालची लोखंडी चौकट) आणि ड्राइव्हशाफ्टच्या रबरी बुटापासून बोटभर तरी लांब आहे ना हे बघून पुढून मागे आवळत जा. एम८ चे नट आलटून-पालटून, दोन टप्प्यांत, साधारण २० ते २५ न्यूटन मीटर. सेन्सर ४० ते ५५. व्ही-बँडला गोलाकार ठोकत थोडं-थोडं आवळायचं, टॉर्क गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. सगळी ताकद एकदम लावली तर क्लॅम्प एका बाजूला चढतो आणि समोरची बाजू फुंकते.

गळती बघायला गाडी सुरू करायची गरज नाही. दिवाळीच्या साफसफाईचा ब्लोअर मागच्या सायलेन्सरच्या तोंडाला फडकं गुंडाळून लावा आणि जोडांवर साबणाचं पाणी टाका. बुडबुडे आले तिथे गळती. गाडी सुरू केल्यावर पहिल्या मिनिटात, इंजिन गार असतानाच कान द्या. बारीक टिक्‌टिक्‌ येऊन धातू तापल्यावर थांबली तर ती गळतीच. जोड फुगून तात्पुरता बंद झाला इतकंच. हे सगळं उघड्यावर करा, शटर बंद करून नाही. बॉनेटखालची गळती एसीच्या ब्लोअरमधून केबिनमध्ये येते आणि कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

उष्णता अडवायला पाइपाला काचतंतूची पट्टी गुंडाळली असेल तर ती पहिली पंधरा-वीस मिनिटं धुरते, तिला घाबरू नका. पट्टी गुंडाळताना हातमोजे घाला, नाहीतर काचेचे तंतू दोन दिवस टोचतात.

मग ओबीडी स्कॅनर, म्हणजे ईसीयूतले आकडे आणि बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा) ५ टक्क्यांच्या आसपास असेल तर ठीक. अधिक १० च्या वर गेला तर पुढच्या सेन्सरच्या आधी कुठेतरी जोड हवा खेचतोय. धक्क्याधक्क्याने जाणाऱ्या वायूच्या मधल्या पोकळीत बाहेरची हवा आत ओढली जाते, सेन्सरला मिश्रण पातळ वाटतं आणि ईसीयू उगाच पेट्रोल वाढवतो. पी०४२० हा कोड आला तर मागच्या सेन्सरला २०० सेलचा कॅट अपुरा वाटतोय. पण आधी गळती बघा, कारण गळतीनेही हाच कोड येतो. सेन्सरला स्पेसर (त्याला वायूपासून लांब धरणारा तुकडा) लावून चेक इंजिनचा दिवा विझतो, गळती तशीच राहते.

पहिल्या दिवशी साताऱ्याजवळचा यवतेश्वरचा घाट नको. गावातल्या गावात दोन-तीन चकरा, मग रात्रभर थंड, आणि सकाळी गार असताना सगळे नट पुन्हा टॉर्कवर तपासा. पहिल्या तापण्या-निवण्यात पॅकिंग बसतं आणि नट थोडे सैल पडतात. त्यानंतर खुशाल घाट चढा, काच खाली ठेवून. हेअरपिनवर पहिल्या गिअरमध्ये जोर दिल्यावर खालून ठण्‌ असा आवाज आला तर इंजिन डोलून पाइप सबफ्रेमला लागतोय. हातोड्याने पाइप चेपू नका. गाडी थंड करा, मागचे दोन जोड सैल करा, पाइप बोटभर फिरवून घ्या आणि पुन्हा पुढून मागे आवळा.