आत अजून एक दार असलेलं हॉटेल

दाटीवाटीच्या मोठ्या शहरात राहायचं ठरलं की मी हॉटेलच्या साइटवर लॉबीचे फोटो बघत नाही, पूल बघत नाही, बेडवर टॉवेलचे हंस करून ठेवलेत का तेही बघत नाही. मी एकच शोधते, रूमच्या आत अजून एक दार आहे का. म्हणजे झोपायची खोली वेगळी, बसायची वेगळी आणि मधे नीट घट्ट लागणारं लाकडी दार. पडदा नको, सरकती जाळी नको, आणि ते कमरेएवढं पार्टिशन असतं ना, ज्याला एका बाजूने टीव्ही लावलेला असतो, ते तर अजिबात नको.

लेक झाली तेव्हापासून हे सुरू झालं. लहान मूल घेऊन एका खोलीत राहिलेल्या कुणालाही विचारा, पोरगं साडेआठला झोपलं की आईबापांची संध्याकाळ तिथेच संपते. लाइट बंद, मोबाइलचा ब्राइटनेस अगदी खाली, बोलायचं ते कुजबुजत, फोन आला तर बाथरूममध्ये जाऊन घ्यायचा, आणि बाहेर पडावं म्हटलं तर तिला एकटीला कसं सोडणार. खिडकीबाहेर अख्खं शहर जागं असतं आणि आपण अंधारात छताकडे बघत पडलेले. आई-बाबांना बरोबर नेलं तरी तेच, फक्त उलट्या टोकाने, बाबा पहाटे साडेचारला टक्क जागे असतात, त्यांना लाइट हवा असतो, बातम्या हव्या असतात, आणि आमचा तेव्हा कुठे डोळा लागलेला असतो. यात कुणाचीच चूक नसते, सगळ्यांना एका खोलीत कोंबलंय एवढाच प्रॉब्लेम असतो.

म्हणून मी बुटीक हॉटेलांकडे वळले, म्हणजे मोजक्या खोल्यांची, आपली वेगळी धाटणी असलेली छोटी हॉटेलं, त्यातही जिथे सूट, म्हणजे आत वेगवेगळ्या खोल्या असलेली रूम, मिळतो अशी, आणि आता दुसरीकडे राहवत नाही. मागच्या वेळी ज्या हॉटेलात राहिलो ते दोन उंच बिल्डिंगांच्या मधे चेपून बसलेलं होतं, समोरून जेमतेम दोन खिडक्यांची रुंदी पण आत शिरलं की लांबच लांब. एका मजल्यावर दोनच सूट. रस्त्याच्या बाजूला बसायची खोली, मग छोटासा पॅसेज, त्यात एकीकडे बाथरूम आणि एकीकडे भिंतीतच बसवलेलं किचनेट, आणि सगळ्यात मागे बेडरूम. तिथलं ते मधलं दार मी कितीतरी वेळा उघडून बंद करून बघितलं. चांगलं जड दार, चौकटीला तिन्ही बाजूंनी रबराची पट्टी, आणि खालच्या कडेत एक भारी गोष्ट होती, दार पूर्ण लागलं की कडेच्या खाचेतून एक पट्टी आपोआप खाली उतरायची आणि फरशीला टेकायची, उघडायला लागलं की परत वर. बिजागरीच्या बाजूला एक छोटं बटण होतं, ते चौकटीवर दाबलं गेलं की पट्टी खाली, बस एवढंच तंत्र. पण ज्याने कुणी ते बसवून घेतलं त्याला झोपेचं पक्कं कळत होतं. कारण आवाज आधी फटीतून येतो. दार कितीही जाड असू दे, खाली बोटभर फट ठेवली तर सगळं बोलणं पलीकडे ऐकू जातं, आणि बहुतेक हॉटेलांत नेमकी तीच फट ठेवलेली असते.

त्या रात्री लेकीला झोपवून आम्ही दोघं दार लावून पुढच्या खोलीत येऊन बसलो, दिवा चालू ठेवून, नेहमीच्या आवाजात गप्पा मारत. नवरा म्हणाला, "अगं, हळू बोल," आणि मग दोघांच्याही लक्षात आलं की हळू बोलायची गरजच नाहीये. खाली रस्त्यावर माणसांचा पूर चाललेला, समोरच्या इमारतीत मजल्यामजल्यावर वेगवेगळं काहीतरी, कुठे ऑफिस, कुठे घर, कुठे कुणीतरी इस्त्री करतंय. दाट शहराचं हेच तर सुख आहे, नुसतं खिडकीत बसलं तरी वेळ जातो. फक्त ते बघायला वेगळी खोली पाहिजे.

ही हॉटेलं अशी लांबट, तिरकी, मधेच खांब आलेली का असतात हा प्रश्न मला खूप दिवस पडायचा. नंतर वाचत गेले तसं कळलं की गर्दीच्या शहरात मध्यवर्ती भागात मोकळा प्लॉट मिळतच नाही, म्हणून ही मंडळी जुनी बिल्डिंग घेतात आणि आतून बदलतात. बुटीक हॉटेलांची सुरुवातच तशी झाली. लंडनमध्ये अनुष्का हेम्पेलने ब्लेक्स हॉटेल काढलं ते जुन्या घरांमध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत बिल किम्प्टनने १९८१ साली बेडफर्ड नावाचं जुनं हॉटेल घेऊन ते नव्याने उभं केलं, आणि न्यूयॉर्कमध्ये इयान श्रेगर आणि स्टीव्ह रुबेलने १९८४ मध्ये मॅडिसन अव्हेन्यूवर मॉर्गन्स सुरू केलं तेही जुन्याच इमारतीत. मॉर्गन्सचं इंटिरिअर आंद्रे पुतमान या फ्रेंच डिझायनर बाईंनी केलं होतं, बजेट तंग होतं म्हणून त्यांनी बाथरूमला साध्या स्वस्तातल्या काळ्या-पांढऱ्या टाइल्स बुद्धिबळाच्या पटासारख्या लावल्या आणि पुढे त्याच टाइल्स त्या हॉटेलची ओळख झाल्या. मला हे फार आवडतं. जागा कमी, पैसा कमी, बिल्डिंग आपल्या मनासारखी नाही, आणि त्यातून कुणीतरी डोकं लावून राहण्यालायक काहीतरी बनवलंय. मोठ्या चेनच्या हॉटेलात चौथ्या मजल्यावरची रूम आणि चौदाव्यावरची रूम सारखीच असते, इथे वरच्या आणि खालच्या सूटचासुद्धा नकाशा वेगळा निघतो.

याच कारणाने बेडरूम बऱ्याचदा मागे, डक्टच्या बाजूला जाते. खिडकी उघडली की समोर भिंत आणि पाइप. रिव्ह्यूमध्ये लोक यावर भरभरून तक्रार करतात, व्ह्यू नाही, अंधार आहे, वगैरे. मी तर मुद्दाम तीच बाजू मागते, कारण झोपायला व्ह्यू कशाला हवाय? झोपायला अंधार हवा आणि शांतता हवी. व्ह्यू बसायच्या खोलीला असू दे. फक्त डक्टमध्ये किचनचा एक्झॉस्ट किंवा एसीची बाहेरची युनिट्स लावलेली नाहीत ना एवढं आधी विचारून घ्यायचं, नाहीतर रस्ता परवडला पण ही घरघर नको.

आवाजाचं थोडं सांगतेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीप्रमाणे रात्री बेडरूममध्ये सलग येणारा आवाज ३० डेसिबलच्या आत असावा. वाहत्या रस्त्याला ७० डेसिबल सहज असतात, आणि दर १० डेसिबलला आपल्या कानाला आवाज साधारण दुप्पट झाल्यासारखा वाटतो, त्यावरून ३० आणि ७० मध्ये किती अंतर आहे ते बघा. खिडकी जराशी किलकिली ठेवली तर बाहेरच्या आवाजातले साधारण १५ डेसिबलच कमी होतात, म्हणजे दाट वस्तीत खिडकी उघडी ठेवून झोपणं विसरायचं. आणि वरचा मजला मागितला की शांत मिळेल हा समज सगळ्यांचाच असतो, पण दोन्ही बाजूंना उंच इमारती असल्या तर आवाज भिंतींवर आपटत वर चढत राहतो, त्यामुळे दोनचार मजले वर गेल्याने फार काही फरक पडत नाही. फरक पडतो तो रस्त्याकडे पाठ करून झोपल्याने, आणि सूटमध्ये नेमकं तेच होतं, रस्ता आणि उशी यांच्या मधे एक अख्खी खोली आणि ते मधलं दार येतं.

अजून एक, ज्यामुळे मी आता एका रात्रीचं बुकिंग शक्यतो करतच नाही. नवीन जागी पहिल्या रात्री नीट झोप लागत नाही हे आपल्याला अनुभवाने माहीत असतं, पण त्यामागे खरोखर कारण आहे. अमेरिकेतल्या ब्राउन युनिव्हर्सिटीत मासाको तामाकी, युका सासाकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये यावर एक अभ्यास प्रसिद्ध केला. अनोळखी ठिकाणी पहिल्या रात्री गाढ झोपेतसुद्धा मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्यापेक्षा जास्त सावध राहतो आणि मधेच एखादा वेगळा आवाज आला की माणूस पटकन जागा होतो असं त्यांना दिसलं. पुढच्या वेळी तिथेच झोपवल्यावर तो फरक राहिला नाही. डॉल्फिन आणि काही पक्षी अर्धा मेंदू जागा ठेवून झोपतात, त्याचाच हा थोडासा अंश म्हणायचा. म्हणजे लिफ्टची टिंग, शेजारच्या दाराचा धाड आवाज, पॅसेजमधून ओढत नेलेली बॅग, पहिल्या रात्री यातलं सगळं आपल्यापर्यंत पोचतं. त्यामुळे दोन हॉटेलांत एकेक रात्र करण्यापेक्षा एका हॉटेलात दोन रात्री कधीही चांगल्या, आणि पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी महत्त्वाचं काम ठेवायचं नाही.

छोट्या हॉटेलात माणसं कमी असतात आणि तीच ती माणसं दिवसभर भेटतात, याचा मला खूप आधार वाटतो. लेक दुपारी एक ते तीन झोपते एवढं मी डेस्कवरच्या मुलीला एकदाच सांगितलं होतं, नंतर राहिलो तोवर त्या वेळात कुणी बेल वाजवली नाही, हाउसकीपिंगची ट्रॉलीसुद्धा आमच्या मजल्यावर साडेतीनच्या पुढे यायची. रात्री बाबागाडीत झोपलेल्या लेकीला घेऊन आत शिरलो की डेस्कवरचा मुलगा काही न बोलता उठायचा आणि लिफ्टचं दार धरून उभा राहायचा, कारण ते दार जरा लवकर बंद व्हायचं हे त्याला माहीत होतं. दोनशे खोल्यांच्या हॉटेलात लोक वाईट असतात असं नाही, त्यांना लक्षात ठेवणं शक्यच नसतं.

आता काळजीच्या गोष्टी, कारण सगळं छानछान सांगून कुणाला अडचणीत टाकायचं नाहीये. पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची म्हणजे आग. सूटमध्ये बेडरूम आत असते, बाहेर पडायचा रस्ता बसायच्या खोलीतून जातो आणि किचनेट नेमकं त्याच वाटेवर असतं. वर ते मधलं दार इतकं घट्ट असतं की पुढच्या खोलीतला अलार्म आत नीट ऐकू येईल याची खात्री नाही. म्हणून आत गेल्या गेल्या मान वर करून बघायचं, स्मोक डिटेक्टर दोन्ही खोल्यांत आहे का. बेडरूममध्ये नसेल तर सरळ सूट बदलून मागायचा, यात संकोच करायचा नाही. मुख्य दाराच्या मागे लावलेला नकाशा वाचायचा, जिना कुठल्या बाजूला आणि मधे किती दारं ते मोजून ठेवायचं, कारण धूर झाला की दिसत काही नाही, भिंतीला हात लावूनच जायचं असतं. जुन्या अरुंद बिल्डिंगमध्ये कधीकधी एकच जिना असतो, तेव्हा मी खालचा मजला मागते.

दुसरं, कार्ड. बऱ्याच ठिकाणी दाराशी असलेल्या खाचेत कार्ड अडकवलं तरच रूमची वीज चालू राहते, आणि अख्ख्या सूटला खाच एकच असते. एकजण कार्ड घेऊन खाली गेला की आत झोपलेल्यांचा एसी बंद. चेक-इनलाच दुसरं कार्ड मागून घ्या.

आणि ज्युनिअर सूट या नावाला भुलू नका. त्यात बऱ्याचदा मधली भिंतच नसते, एकच मोठी खोली आणि कोपऱ्यात सोफा. साइटवर फोटो असे काढलेले असतात की दोन खोल्या वाटाव्यात. जो सोफा-कम-बेड म्हणून दाखवतात तोही उघडल्यावर किती जागा घेतो ते विचारा, काही ठिकाणी तो उघडला की बाथरूमचं दारच उघडत नाही.

त्यामुळे आता बुकिंगच्या आधी मी हॉटेलला थेट मेल करते, लहानसाच. सूटचा नकाशा पाठवाल का, अगदी हाताने काढलेला चालेल. बेडरूम कुठल्या बाजूला आहे. मधे बंद होणारं दार आहे का. लिफ्टला लागून असलेला सूट सोडून दुसरा मिळेल का. रात्री डेस्कवर कुणी असतं का, की फक्त फोन नंबर. छोट्या हॉटेलांत हा मेल बहुतेक वेळा मॅनेजर किंवा मालकच वाचतो, आणि खरंच हाताने काढलेले नकाशे आलेत मला, मापांसकट, दार कुठल्या बाजूला उघडतं ते दाखवून. ज्यांच्याकडून असा नकाशा येतो तिथे मी त्याच दिवशी बुक करते. ज्यांच्याकडून नुसतं ब्रोशर येतं त्यांना अजून एकदा विचारते, दाराचं काय?