आमची वाटचाल : गुणगुण शोधताना

आम्ही विकलेला पहिलाच हेडफोन ॲम्प्लिफायर आठ दिवसांत परत आला. गाणं थांबलं की गुणगुण ऐकू येते, एवढीच तक्रार. आमच्या टेबलावर तो पूर्ण शांत! ट्रान्सफॉर्मर बदलला, कपॅसिटर वाढवले, काही उपयोग नाही. शेवटी ग्राहकाच्या घरी जाऊन ऐकलं, तेव्हा उलगडा झाला. आम्ही चाचणी घ्यायचो बॅटरीवरच्या मोबाईलवर. त्यांनी जोडला होता डेस्कटॉप कॉम्प्युटर. कॉम्प्युटरला अर्थिंग, ॲम्प्लिफायरलाही अर्थिंग, आणि दोघांना जोडणारी ऑडिओ केबलची शील्ड, म्हणजे आतल्या तारेभोवतीचं धातूचं जाळीदार आवरण. असा ग्राउंड लूप, म्हणजे अर्थच्या जोडण्यांचं बंद वर्तुळ, तयार झाला आणि त्यात फिरणारा ५० हर्ट्‌झचा प्रवाह सिग्नलच्या परतीच्या वाटेवर चढला.

पेटी उघडल्यावर आतली चूकही सापडली. ती पूर्णपणे आमची होती. ग्राउंड, म्हणजे सर्किटमधली परतीची सामाईक वायर. ती शून्यच, कुठेही जोडा, अशी आमची समजूत. पण ग्राउंडची वायरही वायरच असते. अर्ध्या चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरचा २० सेंटिमीटरचा तुकडा घ्या. त्याचा रोध सुमारे ७ मिलिओहम. रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) आणि त्यानंतरचा पहिला, वीज साठवणारा कपॅसिटर चार्ज होताना १ ॲम्पिअरचे झटके त्यातून गेले, की टोकांमध्ये ७ मिलिव्होल्ट उभे राहतात. स्पीकर लांब असतो, हेडफोन कानालाच असतो. तिथे एवढं लपत नाही. आमच्या पेटीत इनपुटचं ग्राउंड नेमकं त्याच वायरवर होतं. म्हणून मेन्सच्या मऊ गुणगुणीत १०० हर्ट्‌झची खरखरीत घरघरही मिसळलेली होती. या दोन आवाजांतला फरक कानाला कळू लागला, की निम्मं निदान तिथेच होतं.

तेव्हापासून मॉडेल कुठलंही असो, आमच्याकडे आधी ग्राउंडचा नकाशा काढला जातो. रेक्टिफायर आणि पहिल्या कपॅसिटरचं वर्तुळ आपल्यातच बंद ठेवायचं. त्याच्या पुढून एक वायर स्टार पॉइंटला, म्हणजे सगळी ग्राउंड एकत्र येतात त्या एकाच बिंदूला, न्यायची. हेडफोन जॅकची परतीची वायर थेट तिथेच, इनपुटची स्वतंत्र. इनपुट सॉकेट पेटीपासून इन्सुलेट केलेले, आणि सिग्नल-ग्राउंडच्या वायरींना एकमेकींभोवती पीळ.

अर्थची पिन काढून टाका, आवाज जाईल, असा सल्ला आम्हालाही मिळाला होता. आवाज जातोही. पण आत इन्सुलेशन फुटलं, तर धातूच्या पेटीवर मेन्सचा दाब येतो आणि हेडफोन तर माणसाच्या डोक्यावर असतो. ती वाट आम्ही कधीच धरली नाही. पेटी बोल्टने अर्थला पक्की. सर्किटचं ग्राउंड पेटीला १० ओहमच्या रेझिस्टरमधून, आणि त्याला समांतर उलटसुलट जोडलेले दणकट डायोड (एकाच दिशेने प्रवाह सोडणारे भाग). लूपचा किरकोळ प्रवाह रेझिस्टर रोखतो, बिघाडाचा मोठा प्रवाह डायोडमधून अर्थला जातो.

चाचणीच्या टेबलावर आता मोबाईल नसतो. आधी इनपुट शॉर्ट करून, मग अर्थिंग असलेला कॉम्प्युटर जोडून, व्हॉल्यूम पूर्ण वाढवून संवेदनशील इअरफोनवर ऐकतो. तो पहिला ॲम्प्लिफायर नव्याने वायरिंग करून आम्ही त्याच ग्राहकाला पोचवला, आणि त्यांच्याच कॉम्प्युटरला जोडून ऐकल्यावरच निघालो.