नांद्रुकाचे मामे: दुसऱ्या पावसाळ्यानंतरची मापं

एकाच झाडाच्या पेन्सिलीएवढ्या जाड कटिंगपासून केलेली नांद्रुकाची (फायकस मायक्रोकार्पा) तीन झाडं मामे आकारासाठी, म्हणजे तळहातावर मावणाऱ्या बोन्सायसाठी, तयार होत आहेत. मातीपासून शेंड्यापर्यंत 11 सेंटिमीटर उंची आणि बुंध्याशी किमान 28 मिलिमीटर जाडी हवी आहे. हवा पुण्याची, जागा उघड्या गच्चीवरची.

ऑक्टोबरची मापं अशी. क्रमांक 1 चा बुंधा 31 मिमी, क्रमांक 2 चा 26, क्रमांक 3 चा 17. खत, पाणी, ऊन तिघांना सारखंच. क्रमांक 1 दहा इंची प्लास्टिकच्या कुंडीत आहे आणि त्याचा शेंडा पहिलं पूर्ण वर्ष मोकळा सोडला होता. तो दीड मीटरच्या वर गेला. क्रमांक 2 तेवढ्याच कुंडीत, पण शेंडा 30 सेंटिमीटरवर खुडत ठेवलेला. क्रमांक 3 पहिल्यापासून चार इंची कुंडीत. मामे करायचं म्हणून रोप सुरुवातीलाच चिमुकल्या कुंडीत बसवायची आपल्याकडे फार सवय आहे, आणि क्रमांक 3 हे तिचं उत्तर आहे. पानांची संख्या आणि मुळांना मिळणारी जागा, या दोन गोष्टींवर खोड जाड होतं. लहान कुंडीत दोन्ही अडतात. मामे वाढवून होत नाही, मोठं करून कापत आणल्यावर होतं.

खोडाची पहिली छाटणी

क्रमांक 1 जूनच्या पहिल्या आठवड्यात, वळवाचा पाऊस होऊन गेल्यावर, मातीपासून 4 सेंटिमीटरवर कापलं. त्याआधी दोन महिने त्या उंचीच्या जरा खाली फुटलेली एक बारीक फांदी मुद्दाम राखली होती. नांद्रुक नुसत्या खोडावरही फुटतं, पण कुठे फुटेल ते आपल्या हातात राहत नाही. उद्याचा शेंडा ज्या बाजूला हवा तिथे एक जिवंत फांदी आधीच असली, तर रस तिकडे ओढला जातो आणि काप वाळत खाली उतरत नाही.

काप थेट अंतिम रेषेवर घेऊ नये. साधारण 1 सेंटिमीटरचा खुंट ठेवावा. लाकूड बहुधा खालच्या पेरापर्यंत वाळतं, आणि रेषेवरच कापलेलं असलं तर ते वाळणं नव्या शेंड्याच्या मुळाशी पोचतं. नव्या फांदीला पाच-सहा पानं आली की खुंट कॉन्केव्ह कटरने किंचित खोलगट कापायचा, पाण्याचा फवारा मारून चीक थांबवायचा, पुसायचा आणि मग कट पेस्ट (जखम झाकणारा लेप) लावायची. वाहत्या चिकावर पेस्ट धरत नाही.

राखलेली फांदी पावसाळाभर मोकळी वाढली. ती आता 19 मिमी आहे, म्हणजे बुंध्याच्या सुमारे 60 टक्के. वरचा टप्पा खालच्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास आला की पुढचा काप घ्यायचा. त्यापेक्षा बारीक असताना कापलं तर खोडाला उतार न येता बाटलीवर काडी ठेवल्यासारखं दिसतं. टप्प्यांची लांबीही कमी होत जावी: पहिला 4 सेंटिमीटर, दुसरा 2.5, तिसरा 1.5. वर उरलेल्या 3 सेंटिमीटरमध्ये माथा बसेल.

जाडी जमली असली तरी दुसरा काप आत्ता घेतलेला नाही. नोव्हेंबरमध्ये कापलं तर डोळे फुटतात, पण पुण्याच्या थंडीत रात्रीचं तापमान 12-13 अंशांवर आलं की थबकतात, आणि जखम महिनोन्‌महिने तशीच उघडी राहते. फेब्रुवारीच्या अखेरीस नवी पालवी हलायला लागली की कापायचं.

जपानी वेळापत्रक इथे उपयोगाचं नाही. ते मुख्यतः थंडीत झोपणाऱ्या मेपल आणि पाइनवर बेतलेलं आहे. वाढवा आणि कापा ही आपल्याला सोयीची रीत दक्षिण चीनमधल्या लिंगनान परंपरेची. तिथलं हवामान उष्ण-दमट, आणि झाडं जोमाने वाढणारी. तार कमी, कात्री जास्त. फांदीतला कोन छाटणीने येतो, म्हणून जवळून पाहिलं तरी तो खोटा वाटत नाही. मामेमध्ये तर जवळूनच पाहतात.

नेबारी

नेबारी म्हणजे बुंध्याभोवती मातीवर दिसणारी पसरलेली मुळं. त्यांचं काम पहिल्या दिवशी सुरू झालं पाहिजे. कटिंग लावताना खाली 10 सेंटिमीटरची चपटी फरशी ठेवली होती, त्यामुळे सरळ खाली जाणारी मुळं आडवी वळली. दुसऱ्या जूनमध्ये उघडून पाहिलं तेव्हा सात मुळं चांगली पसरलेली होती. त्यातलं एक बाकीच्यांच्या दुप्पट जाड. असं एकच मूळ सोडून दिलं तर बुंधा त्या बाजूला फुगतो, म्हणून ते बुंध्यापासून 2 सेंटिमीटरवर कापलं. तिथून आता चार बारीक मुळं निघाली आहेत.

मागच्या बाजूला एक रिकामी जागा होती. तिथे बुंध्याला 3 मिमी खोल खाच करून, त्याच झाडाच्या मुळं फुटलेल्या बारीक कटिंगची साल एका बाजूने खरवडून ते खाचेत घट्ट बसवलं आणि पॉलिथिनच्या पट्टीने बांधलं. नांद्रुक कलम फार लवकर धरतं. एका पावसाळ्यात दोघं एकजीव झाले. कटिंगचा वरचा भाग कापायचा तो सांध्याखालचं मूळ जाड होऊ लागल्यावरच. घाई केली तर खालचं मूळ उपाशी मरतं.

मिश्रण

ट्रेनिंगच्या कुंडीत: पक्क्या भाजलेल्या विटेचे 4 ते 6 मिमीचे तुकडे तीन भाग, चाळलेलं पालापाचोळ्याचं खत एक भाग, मूठभर निंबोळी पेंड. कच्ची वीट चालत नाही, एका पावसाळ्यात तिचा चिखल होतो. बोटांनी चिमटून तुकडा फुटला तर ती वीट टाकून द्यावी.

मामेच्या कुंडीसाठी तुकडे 2 ते 3 मिमीचे, खत फार तर एक-दशांश. दोन्हीकडे 2 मिमीच्या चाळणीखाली पडणारी पूड फेकायची. ती पाण्याबरोबर तळाशी बसते, भोक बुजतं, मातीला आंबूस वास येतो, मुळं काळी पडतात. वरून झाड तहानलेलं दिसतं आणि आपण आणखी पाणी घालतो. कोकोपीट मी या आकारात वापरणार नाही. पावसाळ्यात ते सुकत नाही.

वाढीच्या दिवसांत 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश समप्रमाणात असलेलं खत) लिटरला 1 ग्रॅम, पंधरा दिवसांतून एकदा, ओल्या मातीवर.

काय बिघडलं

क्रमांक 2 वर जुलैमध्ये 1.5 मिमीची ॲल्युमिनियमची तार बांधली होती. महिन्याभरात ती सालीत रुतली. पावसाळ्यात नांद्रुकाची फांदी इतक्या वेगाने फुगते की तार आठवड्याला बघावी लागते. तार उलगडू नये, कटरने वेढ्यावेढ्याला तुकडे करावेत. उलगडताना कोवळी साल सोलली जाते. रुतलेल्या खुणा खोडावर पुढच्या वाढीत मिटतील. 4 मिमीच्या फांदीवरच्या मिटणार नाहीत, त्यामुळे ती फांदी जाणार.

तिन्ही झाडांवर सप्टेंबरमध्ये पानं मधल्या शिरेवर मिटून घडी झाली. आत काळे फुलकिडे. बाहेरून फवारा मारून ते मरत नाहीत, कारण घडीच त्यांना वाचवते. मिटलेली सगळी पानं खुडून पिशवीत बंद करून टाकली, मग लिटरला 5 मिली निंबोळी तेल आणि 1 मिली पातळ साबण, सात दिवसांच्या अंतराने तीनदा, संध्याकाळी. नवी पालवी स्वच्छ आहे.

पानं लहान करण्यासाठी सगळी पानं काढायचं काम अजून एकाही झाडावर नाही. आत्ताची पानं 6 सेंटिमीटरची आहेत आणि तशीच असू द्यावीत, खोड त्यांच्यावरच पोसतंय. डिफोलिएशन मामेच्या कुंडीत गेल्यावर, उपफांद्या दाट झाल्यावर, मेअखेर, आणि ज्या वर्षी मुळं कापली त्या वर्षी नाही.

पुढचं

क्रमांक 1: फेब्रुवारीअखेर दुसरा काप. जूनमध्ये मुळं एक-तृतीयांश कमी करून सहा इंची उथळ कुंडीत. 7 सेंटिमीटरची शेवटची कुंडी त्याच्या पुढच्या पावसाळ्याआधी नाही.

क्रमांक 2: रुतलेली फांदी काढायची, शेंडा आता मोकळा सोडायचा.

क्रमांक 3: जूनमध्ये दहा इंची कुंडीत हलवायचं. तोवर मार्चच्या मध्यापासून 50 टक्के शेडनेटखाली, कुंडी ओल्या वाळूच्या ट्रेमध्ये अर्धी पुरून. लहान कुंडीची भिंत दुपारी तापते आणि कडेची मुळं आधी जातात. वाळू ओली राहिली तर दिवसाला दोन पाणी पुरतात.